गोऱ्ह्याच्या तोंडचे दूध कोणी काढले?



पशुपालनाच्या शिबिरात साहेब लोक जीपमधून उतरतात, टेबलावर पांढरी चादर अंथरली जाते, आणि पहिल्या पाच मिनिटांत निकाल लागतो. तुमची जनावरे गावठी. तुमचे वळू निकृष्ट. तुमच्या गायी-म्हशी गाभण राहत नाहीत कारण तुम्हाला शास्त्र कळत नाही. आम्ही खाली सतरंजीवर बसून हे ऐकतो, चहा पितो आणि घरी येतो. या वेळी आम्ही ठरवले आहे की शास्त्राचे उत्तर शास्त्रानेच द्यायचे. साहेब ज्या शास्त्राचे नाव घेतात तेच शास्त्र सांगते की वळू कसा घडतो, कधी घडतो आणि कोणाच्या पापाने बिघडतो. ते एकदा नीट समजून घेतले की निकृष्ट कोण आहे याचा हिशेब फिरतो.

विषय थोडा आडपडद्याचा आहे. पण ज्याने गोठा सांभाळला त्याला यात लाजण्यासारखे काही नाही, आणि आमच्या बाया तर गोठ्यातच हयात घालवतात. बोलायचे आहे ते जनावराच्या अंडाबद्दल, म्हणजे वृषणाबद्दल.

१८६५ साली एन्रिको सर्टोली नावाच्या इटालियन तरुणाने सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या बारीक नळ्या पाहिल्या आणि त्यांत फांद्या फुटलेल्या झाडासारख्या उंच पेशी पाहिल्या. तेव्हा त्याचे वय तेवीसच्या आत-बाहेर होते. पुढे हाच माणूस मिलानच्या पशुवैद्यक शाळेत गुरुजी झाला. त्या पेशींना आज सर्टोली पेशी म्हणतात. आम्ही त्यांना दाई पेशी म्हणू, कारण काम दाईचेच आहे. वीर्यातले बीज स्वतःच्या बळावर तयार होत नाही. दाई पेशी त्याला अंगाखांद्यावर घेते, खाऊ घालते, रक्तातल्या विषापासून आडोसा देते, मेलेले उचलून टाकते आणि तयार झालेले नळीत सोडते. बैलवर्गात एक बीज तयार व्हायला सुमारे एकसष्ट दिवस लागतात. हे सगळे दिवस ते दाईच्या ओटीत असते.

आता मुद्द्याची गोष्ट. एक दाई किती पोरे सांभाळणार याला मर्यादा आहे. गव्हाणी दहा असतील तर दावणीला दहाच जनावरे बांधता येतात. अकरावे बांधले तर ते उपाशी मरते. तसेच इथे आहे. वळूच्या अंगात दाई पेशी जेवढ्या, तेवढेच बीज. मोठ्या वळूच्या वृषणात ग्रॅममागे दिवसाला एक कोटीच्या वर बीज तयार होते, असा पाश्चात्त्य जातींचा हिशेब आहे. म्हणजे वृषण जेवढे भरदार तेवढे उत्पन्न जास्त, आणि वृषण भरदार होते ते दाई पेशींच्या संख्येमुळे. आणि ही संख्या जन्मभर वाढत राहत नाही. वासरू वयात आले की दाई पेशींची वाढ थांबते. त्यांच्या दोन-दोन पेशी होणे बंद पडते, त्या एकमेकींना घट्ट चिकटून रक्त आणि बीज यांच्यामध्ये भिंत उभी करतात आणि कामाला लागतात. भरतीचा दरवाजा बंद. पुढे त्या वळूला बदाम घाला नाहीतर तूप पाजा, दाई एकही वाढत नाही. बैल गेला अन् झोपा केला, अशातली गत.

हा दरवाजा उघडा कधी असतो? सुरुवात आईच्या पोटात होते. नराच्या गर्भात एक जनुक असते, १९९० साली त्याचा शोध लागला. ते काही काळ जागे होते आणि जिथे जागे होते त्या पेशीच पुढे दाई होतात. म्हणजे वृषणात सर्वांत आधी ठरते ती दाई. मग ती बाकीच्यांना कामाला लावते. याच दाया गर्भात एक द्रव सोडतात, त्याने नराच्या अंगात गर्भाशय तयार होण्याचा मार्गच बंद होतो. याचा पुरावा तुमच्या गोठ्यात आहे. गायीला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड दहापैकी नऊ वेळा वांझ निघते. आमच्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. कारण असे, की पोटात दोघांचे रक्त एक होते, भावाच्या दाया सोडतात तो द्रव बहिणीच्या अंगात जातो आणि तिचे गर्भाशय धड तयारच होत नाही. बाजारात देखणी कालवड स्वस्तात मिळत असेल तर ती जुळ्यातली आहे का, एवढे विचारून घ्या. व्यापारी आपण होऊन सांगणार नाही.

जन्मानंतर खरी भरती होते. गोऱ्ह्याच्या मेंदूतून येणाऱ्या रसांमुळे दाई पेशी झपाट्याने वाढतात, आणि हे प्रामुख्याने पहिल्या सहा-सात महिन्यांत घडते. डुकरांत ही भरती दोन हप्त्यांत होते, एक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात आणि दुसरी वयात येण्याच्या जरा आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. चीनमध्ये मेइशान नावाची डुकराची जात आहे, ती फार लवकर वयात येते आणि म्हणूनच तिचे वृषण लहान राहते, कारण दरवाजा लवकर बंद झाला. दरवाजा बंद करण्यात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा हात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नवजात उंदरांची ही ग्रंथी थोडे दिवस मंद करून पाहिली, तर दाया जास्त दिवस वाढत राहिल्या आणि ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांचे वृषण नेहमीपेक्षा कितीतरी मोठे निघाले. घरी करायचा प्रयोग नव्हे हा. सांगायचे एवढेच, की सगळा खेळ संख्येचा आहे आणि संख्या बालपणी ठरते.

मग कॅनडातल्या लेथब्रिज इथल्या संशोधकांनी शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न विचारला. वासराला लहानपणी उपाशी ठेवले आणि नंतर भरपूर घातले तर भरपाई होते का? त्यांनी गोऱ्ह्यांचे गट पाडले. काहींना दहाव्या आठवड्यापासून चांगले खाऊ घातले. काहींना सव्वीस आठवड्यांपर्यंत हात राखून घातले आणि मग सढळ हाताने. पहिल्या गटाचे गोऱ्हे लवकर वयात आले आणि त्यांचे वृषण मोठे झाले. दुसऱ्या गटाचे अंग नंतर भरले, पण वयात यायला उशीर लागला आणि वृषण मागेच राहिले. आयर्लंडमध्ये दुधाळ जातीच्या गोऱ्ह्यांवर काम झाले, त्याचा निष्कर्षही तोच. पहिल्या सहा महिन्यांचा घास नंतर भरून निघत नाही. उलट सहा महिन्यांनंतर अति खुराक घातला तर अंडकोशावर चरबी चढते, तिथला गारवा जातो आणि बीज खराब होते. अंड अंगाबाहेर लोंबते ते गार राहावे म्हणूनच. आपल्या उन्हाळ्यात वळू पत्र्याखाली बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मे महिन्यातला ताप जुलैच्या बीजात दिसतो.

आता सांगा. गोऱ्ह्याला पहिले सहा महिने चांगले खायला घालणे म्हणजे काय घालणे? दूध. आणि दूध कोणाचे आहे?

हिशेब मांडू. पहिले तीन महिने दिवसाला अडीच लिटर धरा, ते झाले २२५ लिटर. पुढचे तीन महिने एक लिटर, ते झाले ९० लिटर. एकूण ३१५ लिटर. गायीच्या दुधाला ३० रुपये भाव धरला तर ९,४५० रुपये. म्हशीच्या दुधाला ४५ धरला तर १४,१७५ रुपये. तुमच्या गावचा भाव जो असेल त्याने गुणून घ्या. एवढी रक्कम शेतकऱ्याने रोख नव्हे, तर रोजच्या घासातून काढून गोऱ्ह्याच्या तोंडात घालायची. का घालायची? त्यातून त्याला परत काय मिळणार?

कालवड असेल तर तीन वर्षांनी दूध मिळेल, म्हणून तिच्यासाठी एक सड राखून ठेवला जातो. गोऱ्हा असेल तर पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू देतात आणि मग दावे ओढतात. म्हशीच्या गोठ्यात तर बोलायलाच नको. वगार जगते, हेला मरतो. पूर्णाकाठच्या मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या आहे. अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा हे तिचे माहेर. २०२३ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. कागदावर नाव चढले, आनंद आहे. पण त्या जातीचा बाप कोण होणार? जो हेला पान्ह्यापुरता दोन चुळा पिऊन कसाबसा वाचला तो. आणि वाचला नाही तर पेंढा भरलेले वासरू म्हशीपुढे उभे करतात, नाहीतर पान्ह्याचे चोरटे इंजेक्शन टोचतात. हे पाप आहे हे आमच्या बायांना कळत नाही असे समजू नका. सकाळी डेअरीच्या काट्यावर अर्धा लिटर कमी भरले तर किराणावाला काय म्हणेल हेही त्यांनाच कळते.

शेतकऱ्याची बाई निर्दय नाही. तिला निर्दय व्हायला लावणारा दुधाचा भाव निर्दय आहे. उत्पादनखर्च भरून निघत नाही तेव्हा शेतकरी जमिनीची सुपीकता खातो, झाडे तोडून खातो, पोरांचे शिक्षण खातो आणि गोऱ्ह्याच्या तोंडचे दूध खातो. जुलै २०१८ मध्ये दूध रस्त्यावर आले तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांनी नासाडी म्हणून गळे काढले. रोज हजारो गोठ्यांत उद्याच्या वळूची नासाडी होते, त्याला मात्र रडायला कोणी नाही. २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले, त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला हवा, नोंद हवी, खाते हवे अशा अटी घातल्या. म्हशीचे नावच नाही. आमचे म्हणणे जुनेच आहे. अनुदानाचा तुकडा नको, घामाचा दाम द्या. दुधाची आयात-निर्यात, भुकटीचे साठे, ग्राहकाच्या नावाने भाव दाबण्याचे उद्योग यांतून हात काढा. दाम मिळाला तर गोऱ्ह्याला दूध घाला असे सांगायला साहेबांना गावात यावे लागणार नाही. पश्चिमेकडे शर्यतीच्या खोंडाकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींचा कायदा कायम केला. त्या खोंडांना दूध, अंडी, खुराक काय घालतात ते जाऊन पाहा. तिथला शेतकरी काही वेगळ्या मातीचा नाही. जिथे दाम, तिथे दूध.

आता दुसऱ्या हाताने काय काढून घेतले ते पाहू. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात गाय आणि तिची वासरे यांच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू मात्र निकामी झाल्याचा दाखला घेऊन विकता येत असत. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, ती वीस वर्षे पडून राहिली आणि २०१५ च्या मार्चपासून लागू झाली. बैल आणि वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद. उच्च न्यायालयाने २०१६ साली त्यातली काही कलमे रद्द केली, पण मुख्य बंदी कायम ठेवली. शहरातल्या ज्या माणसाने आयुष्यात शेणाला हात लावला नाही त्याला पुण्य लागले. बिल आले आम्हाला. म्हाताऱ्या बैलाची किंमत ही शेतकऱ्याची मोड होती, तिच्यात चार पैसे घालून तो नवी गोऱ्ह्याची जोडी घ्यायचा. मोड गेली. जनावराच्या शेवटाला किंमत राहिली नाही तर त्याच्या सुरुवातीला किंमत कोण देणार? गोऱ्ह्याला दूध पाजणे म्हणजे गुंतवणूक आहे, आणि जो माल विकता येत नाही त्यात गुंतवणूक करणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही, व्यापारीही पाहिलेला नाही. मग ते गोऱ्हे मोकळे सुटतात, रात्री हरभऱ्यात शिरतात आणि सकाळी भावाभावांत भांडण लागते.

इथे आम्ही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल की आम्हाला प्रत्येक रोगात सरकारच दिसते. म्हैसवर्गाला ही बंदी नाही, दाखला घेऊन हेला विकता येतो, तरीही हेला उपाशी मरतो. ट्रॅक्टर आला, नांगराला बैल लागेनासा झाला, हेही खरे आहे. म्हणजे कायद्याने एकट्याने हे केले असे नाही. दुधाच्या भावाने अर्धा जीव घेतला, यंत्राने पाव, आणि उरलेला कायद्याने. पण यंत्र थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. भाव आणि कायदा हे माणसाच्या हातचे आहेत.

सरकारच्या हातात मात्र एकच हत्यार, चिमटा. निकृष्ट वळू दिसला की खच्ची करा. गंमत पाहा. सर्टोली इटालियन, त्याने दाई पेशी दाखवली. बर्डिझोही इटालियन, त्याने अंडाची नस बाहेरून चेंगरणारा चिमटा बनवला. खात्याला दुसराच इटालियन तेवढा पाठ आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेश सरकारने सगळे निकृष्ट वळू खच्ची करण्याचा आदेश काढला, देशी वंश संपवता काय म्हणून त्यांच्याच पक्षातून ओरड झाली आणि आदेश मागे घेतला. एक म्हणतो चेंगरा, दुसरा म्हणतो पुजा. तो वळू निकृष्ट का झाला, सहा महिन्यांचा असताना त्याला काय मिळाले, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

यावर साहेब म्हणतील, गावच्या वळूची गरजच काय? गोठवलेल्या विर्याच्या कांड्या आहेत, आता तर लिंग वेगळे केलेल्या कांड्या आल्या, शंभरात नव्वद कालवडी. आम्ही या तंत्राच्या विरोधात नाही. शेतकऱ्याला जे तंत्र फायद्याचे ते त्याने घ्यावे, त्याला अडवणारा तो कोण? राज्याचे पशुधन विकास मंडळ २००२ साली अकोल्यात मुख्यालय ठेवून स्थापन झाले, म्हणजे आमच्या दाराशी. पण कांडी घेऊन येणारा माणूस आणि म्हशीचा माज यांची गाठ पडेल तर ना! म्हशीचा माज मुका असतो, तो रात्री येतो आणि सकाळी उतरतो. द्रवनत्र संपलेले असते, रस्ता चिखलात असतो. शेवटी मालक हेल्याकडेच नेतो. शिवाय कांडीतले बीजही कोणत्या तरी वळूचेच. साध्या कांडीत दोन कोटी बीजे भरतात, लिंग वेगळे केलेल्या कांडीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तिथे तर बीजाचा कस आणखी हवा. तो वळू ज्या वासरांतून निवडला ती वासरे कोणाच्या गोठ्यात वाढली? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रत्येक उलटलेल्या म्हशीचा दोष वळूवर टाकावा असेही आमचे म्हणणे नाही. माज चुकतो, म्हैस हाडकुळी असते, जार अडकून गर्भाशय नासलेले असते. पण साहेब जेव्हा वळूकडे बोट दाखवतात तेव्हा त्या बोटाचा हिशेब पुरता व्हायला हवा.

आता आमच्याकडे वळू. शेळीच्या कळपात आम्ही काय करतो? सहा करडांत जो बोकड सर्वांत लवकर वाढला, अंगाने भरला, तो बकरी ईदच्या आधी विकतो. भाव चांगला मिळतो, विकलाच पाहिजे, त्यात काही चूक नाही. पण चांगले सगळे विकून जो खुरटा मागे राहिला तोच पुढच्या वर्षी कळपाचा बाप होतो. असे दहा वर्षे केले आणि मग म्हटले की जातच उतरली. गावात पाच घरांनी मिळून एक भरदार करडू राखा, त्याला आईचे दूध पोटभर पिऊ द्या आणि त्याच्या विक्रीची किंमत पाच घरांनी वाटून मालकाला भरा. यासाठी शासन-निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

दुसरी गोष्ट सरकीच्या ढेपेची. आपला जिल्हा कापसाचा, ढेप हाच आपला खुराक. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विष असते. सरकीच्या तेलाने पुरुषांचे बीज मरते हे चीनमध्ये आधी ध्यानात आले आणि तिथे १९७० च्या दशकात गर्भनिरोधक म्हणून त्याच्या गोळ्यांचे प्रयोगही झाले. मोठ्या गायी-म्हशीचे पोट हे विष बांधून टाकते, म्हणून दुभत्या जनावराला ढेप चालते. लहान वासराचे कोठे अजून तयार झालेले नसते, त्याला ते बाधते, हृदयावर जाते. आणि वाढत्या गोऱ्ह्याला सरकीची पेंड घालून अमेरिकेत पाहिले, तर त्याच्या बीजाचा मधला भाग, जिथे त्याची ताकद असते, तो बिघडलेला दिसला. ई जीवनसत्त्वाने हा त्रास काहीसा कमी होतो असेही पुढे दिसले. म्हणून ज्या गोऱ्ह्याला, हेल्याला किंवा बोकडाला वळू म्हणून राखायचे त्याला सरकीची ढेप घालू नका. शेंगदाण्याची घाला, भाजलेल्या सोयाबीनची घाला. सोयाबीन तर घरचे आहे आणि त्याला भाव काय मिळतो ते चिखलीच्या आणि मेहकरच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

पण इथेही बंदीचा हात पोचलेला आहे. टेक्सासमध्ये कीर्ती राठोर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने असा कापूस तयार केला की ज्याच्या झाडात गॉसिपॉल राहते, त्यामुळे कीड दूर राहते, पण सरकीत ते जवळजवळ नसते. अमेरिकेने २०१८ साली त्याच्या लागवडीला आणि २०१९ साली खाण्याला परवानगी दिली. अशी सरकी वासराला घाला, कोंबडीला घाला, माणसाने खाल्ली तरी चालते. कापसाचा देश आपला, ढेप आपली, वासरे आपली, शास्त्रज्ञाचे मूळही इथलेच. बियाणे मात्र आपल्याला मिळणार नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे तणनाशक सहन करणारा कापूस उघड पेरून शेतकऱ्यांनी कायदा मोडला. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडचीच गोष्ट. तेव्हा म्हटले गेले की हे तणाचे भांडण आहे. ते फक्त तणाचे नव्हते.

याहून पुढची गोष्ट ऐका. २०२० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात डुकरे, बोकड आणि गोऱ्हे असे तयार केले की त्यांच्या वृषणात दाई पेशी शाबूत, पण स्वतःचे बीज नाही. एक जनुक बंद केले की झाले. मग त्यांत दुसऱ्या उत्तम नराच्या मूळ बीजपेशी सोडल्या. दायांनी त्या परक्या पोरांना आपली म्हणून सांभाळले आणि डुकरांत, बोकडांत त्यांचे बीज तयार होऊ लागले. याचा अर्थ आमच्यासाठी काय? उद्या संग्रामपूरच्या उन्हात तगणारा गावचा हेला उत्तम पूर्णाथडीचे बीज देऊ शकेल, कांडी नको, द्रवनत्र नको, म्हशीच्या माजाच्या वेळी हेला दारात हजर. ३० मार्च २०२२ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना जाचक नियमांतून सूट दिली, पण ती वनस्पतींपुरतीच. जनावरांचा दरवाजा बंद. आणि ज्या दिवशी तो उघडेल त्या दिवशीही दाया लागतीलच, त्या प्रयोगशाळेत मिळत नाहीत, पहिल्या सहा महिन्यांच्या दुधात मिळतात.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत ठराव यायचे आहेत ते असे. दुधाचा भाव उत्पादनखर्चावर आणि बाजार मोकळा. २०१५ च्या बंदीतून बैल आणि वळू बाहेर काढावेत, जनावर ज्याचे त्याला ते विकण्याचा हक्क परत मिळावा. कमी गॉसिपॉलच्या कापसाच्या चाचण्या आमच्या शेतात घ्यायला मोकळीक द्यावी, जनावरांतल्या जनुक-संपादनाच्या संशोधनालाही. आणि चिमट्याची मोहीम काढण्याआधी खात्याने प्रत्येक तालुक्यात वळूंची मापे घेऊन ती गावात लावावीत.

हे माप घेणे आपणही शिकले पाहिजे. दोन्ही अंडे हाताने खाली ओढून धरायची आणि जिथे घेर सर्वांत जास्त तिथे शिंप्याचा टेप फिरवायचा. अमेरिकेत मांसाच्या जातींचा गोऱ्हा पंधरा महिन्यांपर्यंतचा असेल तर निदान तीस सेंटीमीटर घेर मागतात. तो आकडा आपल्या गावठी गोऱ्ह्याला किंवा हेल्याला लावू नका, आपली जनावरे उशिरा वयात येतात आणि त्यांची ठेवण वेगळी. आपल्या गावातले एका वयाचे चार नर घ्या आणि त्यांची आपसांत तुलना करा. अंडे दोन्ही सारखी हवीत, हाताला घट्ट लागायला हवीत, आणि ज्याचे एक अंड पोटात राहिले आहे त्याला वळू म्हणून ठेवूच नये. माप घेताना मागच्या लाथेकडे लक्ष असू द्या.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या वर्षात गावात किती गोऱ्हे आणि किती हेले जन्मले, सहा महिन्यांचे किती झाले, आणि जे झाले त्यांना रोज किती दूध मिळाले. खोटे लिहू नका, कमी वाटले तरी तेच लिहा. बायांना विचारून लिहा, कारण दावे त्यांच्या हातात असते. तेरा तालुक्यांचे कागद एकत्र झाले की ते घेऊन आम्ही पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाणार आहोत, आणि त्या दिवशी सतरंजीवर साहेबांना बसायला सांगू.